वाढीव कामाचे अण्णा

कुकरची पहिली शिट्टी झाली की अण्णा जिथं असतील तिथं थांबत. अंगणात असले तर अंगणात, पायरीवर एक पाय असला तर तो तसाच पायरीवर ठेवून. दुसरी शिट्टी झाली की चालू लागत. आणि तिसऱ्या शिट्टीला हा साठीकडं झुकलेला धिप्पाड माणूस मागं मागं सरकू लागे. तुळजापुरात नळदुर्ग रस्त्याच्या बाजूला त्यांच्या शेजारी मी भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्याच आठवड्यात हा प्रकार बघितला आणि शेजारी जरा हललेला दिसतोय अशी मनाशी नोंद करून मोकळी झाले. कपडे वाळत घालताना मी हसू दाबतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"आवं मॅडम, एक म्हंजी थांब, दोन म्हंजी पुढं, तीन म्हंजी मागं," ते म्हणाले. "डोस्क्याला कळतंय डाळ शिजतीया म्हून. पायाला कळंना."

अण्णांची उभी हयात बोगद्यात गेली होती आणि अजून जात होती, घरी यायचे ते सुट्टीपुरते. शहरांच्या पोटातून मेट्रोसाठी बोगदे काढतात, तिथं ते इंजिन चालवत. पुढं एक अजस्र यंत्र माती कोरत जातं. मागून एक बुटकं इंजिन तात्पुरत्या रुळांवरून ती माती डब्यात भरून बाहेर आणतं आणि भिंतीला बसवायचे काँक्रीटचे तुकडे आत नेतं. त्या इंजिनाला लोको म्हणतात. आत आवाज असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार भोंग्यावर. शिवाय लोकोला वळायला जागा नसते. आत जाताना तोंड पुढं, बाहेर येताना पाठ पुढं. देवीच्या गाभाऱ्यासमोरून लोक पाठ दाखवायची नाही म्हणून मागं सरकत येतात आणि उंबऱ्याला अडखळून मागच्याच्या पायावर पाय देतात. अण्णा मात्र एकदाही मागं न बघता असे सफाईनं बाहेर यायचे की पुजारीसुद्धा बघत राहायचे.

पुढच्या सुट्टीला अण्णा आले तेव्हा शेजारून कुकरचा आवाज आला नाही. मी डोकावले तर सिंधूकाकू, म्हणजे अण्णांची बायको, पातेल्यात डाळ शिजवत बसल्या होत्या. कुकर माळ्यावर गेला होता. मी विचारलं तर म्हणाल्या, पातेल्यातली डाळ गोड लागते. अण्णा परत कामावर गेले त्याच दिवशी कुकर खाली आला. यावर त्या दोघांत काही बोलणं झालं असेल असं मला वाटत नाही. अण्णांना कुकर गायब झाल्याचं कळलं तरी होतं की नाही, कोण जाणे.

अण्णा मूळचे जळकोटचे. रान थोरल्या भावाकडं सोडून, तरुणपणी कुणा मुकादमाच्या मागं लागून ते दिल्लीला गेले आणि तिथून शहरामागून शहर करत राहिले. दिल्ली, चेन्नई, मुंबई, पुणे. त्यांची हिंदी ऐकण्यासारखी होती. वाक्य बिहारात सुरू व्हायचं, वाटेत मद्रासी चहा प्यायचं आणि शेवटी जळकोटात येऊन टेकायचं. आवाज तर विचारू नका. कान जवळजवळ गेलेले, आणि बोगद्यात ओरडूनच बोलायची सवय. त्यामुळं त्यांच्या घरी आज दोडका आहे की शेपू, हे आमच्या सबंध गल्लीला कळायचं. ते कुजबुजायला गेले की चौकातला रिक्षावाला वळून बघायचा.

काकूंचं नेमकं उलट. लहानखुरी बाई, आवाज इतका हळू की पोळी लाटताना बोलल्या तर लाटण्याचा आवाज जास्त. पण अण्णांना त्यांचं सगळं कळायचं. त्यांच्या ओठांकडं बघत राहायचे आणि आम्हा सगळ्यांना दहादा विचारणारा माणूस काकूंना एकदाही "काय?" म्हणायचा नाही.

शहरांचं असं असतं की रेल्वेचा मार्ग पुरा झाला म्हणेपर्यंत शहर पुढं सरकलेलं असतं. मग तो मार्ग वाढवायचा. जुन्या बोगद्याला नवा बोगदा जोडायचा. शेवटचं स्टेशन मधलं होऊन बसतं. अण्णांचं आयुष्य याच चालीनं गेलं. हे काम उरकलं की कायमचा येतो, असं सांगून ते जायचे. काम उरकत आलं की फोन यायचा, "वाढीव काम निघालंय." लग्नानंतर दिल्ली झाली की यायचे होते, मग वाढीव निघालं. वंदना, त्यांची एकुलती एक मुलगी, शाळेत गेली, मग वाढीव निघालं. तिचं लग्न ठरलं तेव्हाही वाढीवच चालू होतं. काकूंनी सासूचं दुखणं काढलं, जळकोटातून उठून तुळजापुरात दोन खोल्या बांधून घेतल्या, पोरीला शिकवलं, तिचं लग्न लावलं. अण्णा लग्नाला वेळेवर आले, हेच काकूंच्या माहेरच्यांना केवढं कौतुकाचं वाटलं होतं. त्या घरात 'वाढीव' हा शब्द इतका वाईट झाला होता की अण्णांनी आणखी अर्धी भाकरी मागितली तर काकू खाली मान घालून म्हणायच्या, "वाढीव का?" आणि अण्णा घास तोंडात धरून गप्प व्हायचे.

मी हसायचे. पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे मला हळूहळू कळलं.

अण्णा सुट्टीवर यायचे, पिशवी ठेवायचे. काकू म्हणायच्या, "आलात? हात-पाय धुवा." मग जेवण वाढायच्या. काय खाता, झोप लागते का, पाठ दुखते का, हे सगळं विचारायच्या. आणि मग अण्णा पाणी पिऊन, मिशी पुसून सुरुवात करायचे, "तर तिकडं बोगद्यात काय झालं..." की काकू उठायच्या. दोरीवरचे कपडे काढायला जायच्या. कपडे काढून झालेले असले तर तुळशीला पाणी घालायला. एकदा तर मी बघितलं की त्यांनी वाळलेल्या, घडी घातलेल्या साड्या पुन्हा उलगडून झटकल्या. अण्णा अर्धं वाक्य तसंच धरून थोडा वेळ बसायचे, मग माझ्याकडं बघून हवापाण्यावर यायचे.

इतक्या वर्षांत काकूंनी नवऱ्याला त्याच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आत कसं असतं, काय दिसतं, भीती वाटते का, काहीच नाही. आणि अण्णांना सगळ्या जगात जर काही हवं होतं, तर तेवढंच. काकूंनी एकदा बोगदा बघावा. आत यावं आणि विचारावं, हे काय, ते काय. पैसा, मान, शाल-श्रीफळ यातलं काहीही त्या माणसाला नको होतं, हे मी शपथेवर सांगेन.

मी शाळेत भूगोल शिकवते. डोंगर, खडक, बोगदे असा धडा आला तेव्हा मला वाटलं, घरच्या शेजारी असा माणूस असताना फळ्यावर चित्र कशाला काढायचं. अण्णा तेव्हा सुट्टीवर होते. त्यांना वर्गात यायला सांगितलं. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल, असे ते नवरदेवासारखे आले. मी ओळख करून दिली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. अण्णांनी पूर्ण तासभर मुलांना जेवणावर भाषण दिलं. दिल्लीच्या कॅम्पात राजमा कसा असतो, चेन्नईत भातावर भात कसा येतो, ओरिसाचे गडी शिळ्या भातात पाणी घालून काय खातात, आणि एका बंगाली फिटरनं मासा समजून काय तळलं होतं. मुलं बाकांवर लोळायची बाकी राहिली. शेजारच्या वर्गातले सर दोनदा येऊन बघून गेले, इतका आवाज. एका मुलीनं शेवटी विचारलं, बोगद्यात कसं असतं? अण्णा म्हणाले, "आत जायाचं, बाहेर यायाचं." आणि खाली उतरले.

परत येताना मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. माझा तास वाया घालवला, मुलांना खडक कळायचे सोडून राजमा कळला, वगैरे. ते शांतपणे ऐकून घेत होते, किंवा त्यांना ऐकू येत नव्हतं. घराच्या वळणावर आल्यावर म्हणाले, "रागावू नगा मॅडम. ते अजून घरी सांगितलं न्हाय म्या. आधी तिला सांगतो, मग तुमच्या लेकरांला."

मी तिथंच त्यांची माफी मागितली. मी, म्हणजे जिच्या तोंडाला लागू नये असं सगळा शिक्षकवर्ग एकमेकांना सांगतो.

पुण्याचं सांगते. वंदना पुण्यात राहते. तिला मुलगा झाला, त्याच्या बारशाला आम्ही गेलो. मलाही काकूंनी ओढून नेलं, पाळणा म्हणणारं कुणी तरी हवं म्हणून. अण्णांनी ज्या बोगद्यात आधीची काही वर्षं काम केलं होतं, त्यातून तेव्हा गाड्या धावायला लागल्या होत्या. आपण राबलो त्या मार्गावरून अण्णा एकदाही प्रवासी म्हणून गेले नव्हते. उद्घाटनाची फुलं लागायची तेव्हा त्यांची टोळी दुसऱ्या गावात चिखलात असायची, असं ते सांगायचे. म्हणून बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला घेऊन निघाले. काकू, मी आणि जावई. वाटेत अण्णा सारखे काकूंच्या पायांकडं बघत होते, चपला नीट आहेत ना, जिन्यावर घसरणार तर नाही.

जमिनीखाली उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी काकू थांबल्या. आम्हाला वाटलं, दम खायला थांबल्या. जावई म्हणाला, सरकता जिना आहे, चालावं लागत नाही. काकूंनी मान हलवली आणि अण्णांकडं तोंड करून, त्यांना दिसावं असं सावकाश म्हणाल्या,

"तुमी जा. म्या वरून येते."

अण्णांना ते कळलं, पण पटेना. त्यांनी हात जोडल्यासारखं केलं. रस्त्यावरची माणसं वळून बघतील अशा आवाजात म्हणाले, "एकच स्टेशन. डोळे मिटून बस."

"माझं समदं वय त्यानं नेलं," काकू म्हणाल्या. "त्याच्या पोटात म्या हौसनं बसायची न्हाय."

त्या चिडल्या नव्हत्या. भाजी महाग आहे म्हणून परत ठेवावी तशा बोलल्या. जावयाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्या बिचाऱ्याला सासरचा हा इतिहास कुणी सांगितलाच नव्हता. शेवटी असं ठरलं की जावई काकूंना रिक्षानं पुढच्या स्टेशनपर्यंत आणेल आणि मी अण्णांबरोबर खालून जाईन.

खाली सगळं चकचकीत होतं. गार हवा, फरशा, कुठं कणभर माती नाही. अण्णा एका खांबाला हात लावून बघत होते. गाडी आली, आम्ही चढलो, जागा होती तरी ते बसले नाहीत. दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिले. गाडी बोगद्यात शिरली आणि काच काळी झाली. त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसायला लागला. बाजूची माणसं मोबाइलमध्ये होती, एक मुलगी डबा उघडून पोहे खात होती. अण्णांनी काचेवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "हितं पाणी लागलं व्हतं." मग, "हितं मशीन अडलं व्हतं, लई दिवस." मग बोट उचलून आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात उजेड आला, स्टेशन आलं आणि दार उघडलं.

"झालं?" अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, झालं. उतरू या.

आम्ही वर आलो तर काकूंचा पत्ता नाही. वर रस्ता तुंबला होता. अण्णा फुटपाथवर उभे राहून येणारी प्रत्येक रिक्षा बघत होते. बऱ्याच वेळानं रिक्षा आली. काकू उतरल्या, सरळ अण्णांजवळ गेल्या आणि त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या, पाठ, कॉलर हातानं झटकायला लागल्या. तिथं काहीही लागलेलं नव्हतं. "आता धूळ नसती आत," अण्णा ओरडले. काकूंनी ऐकलं आणि तरी झटकत राहिल्या. मला त्या दिवशी काकूंचा फार राग आला होता. आज त्यांचे ते हात आठवतात, आणि राग कुठं गेला ते कळत नाही.

त्यानंतर वर्षभरात अण्णा कायमचे घरी आले. आमच्या भागातही रेल्वेचं काम सुरू झालं होतं. देवीच्या गावाला गाडी येणार म्हणून लोक खूश होते, आणि डोंगरात बोगदे निघत होते. अण्णांना वाटलं, आता राहिलेली दोन-चार वर्षं इथंच काढू, सकाळी कामावर आणि दुपारी घरची भाकरी. मोठ्या उमेदीनं विचारायला गेले. तिथल्या माणसानं सांगितलं की हा बोगदा सुरुंग लावून काढायचा आहे, माती डंपरनं जाणार, लोकोचं इथं काही काम नाही. अण्णा घरी येऊन हसत सांगत होते, "सासुरवाडीला गेलो अन् जेवण संपलेलं." पण रोज सकाळी ते तिकडं चक्कर मारायचे. लांब बाभळीखाली बसून डंपर बघायचे आणि चहाच्या वेळेला परत यायचे.

मग खोकला सुरू झाला. आधी थंडीचा वाटला, मग उन्हाळ्यातही राहिला. सोलापूरच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि विचारलं, काम काय करत होता? अण्णांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, धूळ आहे, ती आता आतच राहणार. काकू शेजारी बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी मला हे सगळं सांगितलं, पण 'धूळ' हा शब्द आला की तिथं थांबायच्या आणि दुसरीकडून वाक्य सुरू करायच्या.

खोकल्यापेक्षाही वाईट गोष्ट म्हणजे अण्णा गप्प झाले. मोठ्यानं बोलायला दम पुरेना, आणि हळू बोलायची त्यांना सवयच नव्हती. मग बोलणंच सोडून दिलं. आमच्या गल्लीला दोडका-शेपू कळेना. बाभळीखाली जाणं बंद झालं. ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि काकू समोरून गेल्या की नुसते बघत. आता ते "तर तिकडं बोगद्यात..." असं सुरू करत नव्हते. आणि काकू मात्र जेवण झालं की भांडी तशीच ठेवून त्यांच्यासमोर बसायला लागल्या. वाट बघायच्या. मी दारातून बघायचे आणि मला वाटायचं, जाऊन या दोघांना गदागदा हलवावं.

त्याच सुमाराला माझी कळंबला बदली झाली. माहेरच्या गावाला, किती वर्षं मागत होते, आणि मिळाली तेव्हा अजिबात आनंद झाला नाही. सामान आधीच गेलं होतं, माझी दुपारची एसटी होती. त्या रविवारी सकाळी काकू आल्या. हातात माझ्यासाठी धपाट्यांची पिशवी होती. ती दिली आणि उभ्याच राहिल्या.

"ते बोलंनात गं," त्या म्हणाल्या. एरवी त्या मला मॅडम म्हणायच्या. "घरात नुसतं माझंच भांडं वाजतंय. आपल्या डोंगरातल्या बोगद्यात जाता यील का? म्या जाते त्यांच्यासंगं. तू फकस्त चल तितवर."

मी चपला घातल्या. जळकोटचा त्यांचा पुतण्या जीप घेऊन आला, अण्णांना आम्ही दोन्हीकडून धरून बसवलं. कुठं चाललोय हे काकूंनी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी काकूंच्या ओठांकडं बघितलं, मग माझ्याकडं. आपल्याला बरोबर कळलंय का, असं. मी मान डोलावली. ते रस्ताभर बाहेर बघत होते. हात मात्र गुडघ्यावर सारखा उघडत होता आणि मिटत होता.

बोगदा आरपार झाला होता, रूळ अजून यायचे होते. रविवार असल्यामुळं काम बंद होतं. तोंडाशी एक परप्रांतीय रखवालदार होता, त्यानं आधी हात आडवा केला. अण्णा खाली उतरले, त्याच्याशी त्यांच्या त्या चारही गावच्या हिंदीत काहीतरी बोलले. फार नाही, दोन-चार शब्द. रखवालदारानं त्यांच्या धापणाऱ्या छातीकडं बघितलं, मग आत जाऊन दोन हेल्मेट आणि स्वतःचा टॉर्च घेऊन आला. काकूंनी डोक्यावरचा पदर तसाच ठेवून त्यावर हेल्मेट घातलं. ते कानावर कललं, अण्णांनी ते सरळ केलं आणि हनुवटीखाली पट्टा लावून दिला. लेकराला टोपी घालतात तसं. काकू खाली बघत उभ्या होत्या आणि त्यांना हसू येत होतं. त्यांना तसं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

तोंडाशी भिंतीच्या कोनाड्यात कामगारांनी देवीची तसबीर ठेवली होती, समोर विझलेली उदबत्ती. काकूंनी हात जोडले आणि चपला काढल्या.

"घाल, घाल. खडी हाय आत," अण्णा म्हणाले. कितीतरी दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते.

"आन् देवी?"

"तिला चालतंय चप्पल घालून."

काकूंनी चपला घातल्या. पण लगेच पाऊल उचललं नाही. त्या काळ्या तोंडाकडं बघत राहिल्या आणि त्यांनी अण्णांच्या दंडाला धरलं. पुतण्या जीप घेऊन पलीकडच्या तोंडाला थांबणार होता, म्हणजे त्यांना परत चालत यायला नको. तो निघून गेला. मला उशीर होत होता. रखवालदाराच्या ओळखीचा एक मोटारसायकलवाला मला स्टँडवर सोडायला तयार होता आणि घाई करत होता.

अण्णा गेले ते पुढं थंडी संपता संपता. मला कळंबला फोन आला, मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वंदना होती, जावई होता. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी मला जवळ बसवून घेतलं. मला अण्णांचा चेहरा बघायला मिळाला नाही याची चुटपुट लागली, ती अजून आहे. म्हणून मी त्या रविवारचीच आठवण काढते, कारण माझ्यासाठी ते शेवटचे तिथंच आहेत. पुढं ते, हातात टॉर्च, आणि दंडाला धरून काकू, डोक्यावर पदर आणि पदरावर हेल्मेट.

दोघं आत गेले. थोडा वेळ टॉर्चचा उजेड भिंतीवर हलताना दिसला, मग एक वळण होतं, तिथं तो गेला. मी वळले. तेवढ्यात आतून अण्णांचा आवाज आला. दम लागत होता तरी मोठा, पहिल्यासारखा, आणि त्या पोकळीत आणखी मोठा झालेला.

"व्हय," ते म्हणाले.

मग काही नाही. मग पुन्हा, "न्हाय, तसं न्हाय. ते वरून पाणी झिरपतंय."

मी थांबले. अंधारात काकूंचे ओठ त्यांना दिसत नसणार. म्हणजे त्या कानाला तोंड लावून बोलत असणार. त्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायचा प्रश्नच नव्हता.

"आमच्या तिकडं? तिकडं ह्याच्याहून बारकं. हात लांब केला की भित्ताड."

"भ्या वाटायचं की. पयल्यांदा लई. मंग सवय झाली."

मोटारसायकलवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला. मी त्याला हातानं थांब म्हटलं. माझी एसटी गेली तर गेली, अशा हिशेबानं मी तिथं कोनाड्याजवळ उभी राहिले. रखवालदारही उभा होता. त्याला मराठी कळत नव्हतं, पण तोही ऐकत होता. आतून बराच वेळ काही आलं नाही. खोकल्याची एक उबळ आली, थांबली. मला वाटलं, झालं, गेले पुढं.

मग अण्णांचा आवाज आला, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा.

"यायची की! रोज यायची. माती रिकामी कराया उजेडात आलो की आधी तुजीच यायची."

त्यानंतर काकूंनी आणखी काहीतरी विचारलं असावं. कारण थोडं थांबून ते पुन्हा म्हणाले, "व्हय."